पित्ताम्लाची गोळी आणि यकृतावरील मेद : एक अभ्यास

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अहमदपूर, उदगीर, निलंगा, कंधार, मुखेड, देगलूर अशा दूरदूरच्या तालुक्यांतून जे रुग्ण येतात, ते बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी सोबत घेऊन येतात. तीत जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, क्ष-किरणाच्या फिल्म आणि औषधांची रिकामी पाकिटे असा सगळा संसार असतो. या पिशव्यांतून अलीकडे दोन गोष्टी वारंवार हाती लागतात. एक म्हणजे ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ असा शेरा असलेला पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल आणि दुसरी म्हणजे उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाच्या गोळ्यांचे पाकीट. नाव उच्चारण्यास अवघड असल्याने रुग्ण तिला सरळ ‘लिव्हरची गोळी’ म्हणतात.

मुखेड परिसरातून आलेल्या एका शेतकरी दांपत्याची पिशवी या लेखाला निमित्त झाली. गृहस्थांचे वय ५८, वजन ८४ किलो, मधुमेह नऊ वर्षांचा. त्यांच्या पत्नीने पहिलाच प्रश्न केला, “डॉक्टरसाहेब, लिव्हरवर चरबी आली म्हणतेत. चवदा महिने झाले गोळी चालू हाय, आता बंद केली तर चालंल का?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी गेल्या तीस वर्षांतील वैद्यकीय संशोधनाचा मागोवा घ्यावा लागतो. विश्वस्त मंडळाच्या सन्माननीय सदस्यांना आणि देणगीदारांनाही या उत्तराशी कर्तव्य आहे, कारण रुग्णसाहाय्य निधीतून औषधांसाठी जी मदत मागितली जाते, तीत या गोळीचे नाव आता वरचेवर येऊ लागले आहे.

प्रथम यकृत आणि पित्त यांचा संबंध पाहू. यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्तातील मुख्य कार्यकारी घटक म्हणजे पित्ताम्ले. ही कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि साबण जसा तेलकट भांड्यावर काम करतो, तशी अन्नातील स्निग्धांश फोडून तो आतड्यात शोषला जाण्यायोग्य करतात. शरीरातील पित्ताम्लांचा एकूण साठा अवघा दोन ते चार ग्रॅम असतो. मात्र हा साठा दिवसातून अनेक वेळा यकृतातून आतड्यात आणि आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृतात असा फिरत राहतो. सुमारे ९५ टक्के पित्ताम्ल परत शोषले जाते आणि जेवढे वाया जाते, तेवढेच यकृत नव्याने बनवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या लातूरकरांनी वापरले, त्यांना थेंब न् थेंब पुन्हा वापरण्याची ही काटकसर वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पित्ताम्ले केवळ पचनाचे काम करतात, असाच समज दीर्घकाळ होता. १९९९ साली असे सिद्ध झाले, की यकृत आणि आतडे यांतील पेशींत ‘एफएक्सआर’ नावाचा एक ग्राहक असतो आणि पित्ताम्ल हीच त्याची किल्ली होय. ही किल्ली फिरली की यकृताला निरोप जातो : पित्ताम्ल पुरेसे आहे, नवे बनवू नका, साखरेपासून मेद बनविण्याचे कामही मंद करा. या शोधानंतर पित्ताम्ल म्हणजे एक प्रकारचे संप्रेरकच, अशा दृष्टीने त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले आणि यकृतावरील मेदाचा उपचार पित्ताम्लानेच करता येईल, ही आशा निर्माण झाली. ही आशा शास्त्रीयदृष्ट्या निराधार नव्हती, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

आता त्या गोळीची हकीकत. अस्वलाचे वाळविलेले पित्त हे चीन व जपानमधील पारंपरिक वैद्यकात शतकानुशतके यकृताच्या व पोटाच्या विकारांवर दिले जात असे. १९२७ साली जपानमध्ये शोदा या संशोधकाने त्या पित्तातून एक आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले आणि अस्वलाच्या लॅटिन नावावरून त्याला ‘उर्सो’ हे उपपद लावले. आजच्या गोळीचा अस्वलाशी काही संबंध उरलेला नाही. ती मुख्यतः गुरांच्या पित्तातून मिळणाऱ्या आम्लांवर रासायनिक प्रक्रिया करून बनविली जाते. १९७० च्या दशकात कोलेस्टेरॉलचे पित्तखडे विरघळविण्यासाठी तिचा उपयोग सुरू झाला. पुढे यकृतातील सूक्ष्म पित्तनलिकांच्या ‘प्रायमरी बिलियरी कोलॅंजायटिस’ या दुर्मीळ आजारात तिचा निश्चित लाभ दिसून आला आणि १९९७ साली अमेरिकेत तिला त्या आजारासाठी मान्यता मिळाली. त्या रुग्णांसाठी ही गोळी आजही आधारस्तंभ आहे. म्हणून हा लेख वाचून त्या आजाराच्या वा अन्य ठोस कारणासाठी ही गोळी घेणाऱ्या कोणीही ती आपल्या मनाने बंद करू नये.

मेदयुक्त यकृताचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मद्यपान न करणाऱ्या माणसाच्या यकृतातही मद्यप्याच्या यकृतासारखाच मेद साचतो, सूज येते आणि कालांतराने व्रण पडून यकृत कठीण होते, हे १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी वर्णन करून त्याला नाव दिले. त्याच संस्थेतील संशोधकांनी १९९६ मध्ये अशा २४ रुग्णांना वर्षभर उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड देऊन पाहिले. रक्तातील यकृत-विकरे उतरली, मेदही कमी झालेला दिसला. तुलनेसाठी गोळी न घेणारा गट त्या प्रयोगात नव्हता; तरीही आशादायक वार्ता म्हणून ती जगभर पसरली. आपल्याकडे आजही जी सवय टिकून आहे, तिचे मूळ त्या काळात आहे.

यानंतर जे घडले ते वैद्यकशास्त्राच्या प्रामाणिकपणाचे उत्तम उदाहरण आहे, असे मला वाटते. त्या चमूतीलच डॉ. लिंडर यांनी मोठा प्रयोग हाती घेतला. १६६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्या गटाला दिसायला तंतोतंत तशीच, परंतु औषध नसलेली गोळी, असे दोन वर्षे चालले. कोणाला काय मिळत आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. यकृताचा सूक्ष्म तुकडा आधी व नंतर काढून तपासण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की विकरे दोन्ही गटांत उतरली, मेदही दोन्ही गटांत कमी झाला आणि दोहोंत फरक आढळला नाही. ज्यांनी आशा जागवली, त्यांनीच ती तपासून बाजूला ठेवली.

औषध नसलेल्या गोळीनेही सुधारणा कशी झाली, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. जो रुग्ण प्रयोगात दाखल होतो, त्याचे वजन दर भेटीला मोजले जाते, आहाराबद्दल चार शब्द सांगितले जातात, घरच्यांचे लक्ष राहते आणि तो नकळत चार घास कमी खातो. शिवाय विकरे स्वभावतःच कमीजास्त होत असतात. माणूस बहुधा ती वाढलेली असतानाच डॉक्टरकडे जातो आणि पुढच्या खेपेस ती आपोआप थोडी उतरलेली असतात. “मला या गोळीने गुण आला” हे रुग्णाचे सांगणे खोटे नसते. परंतु गुण गोळीने आला की गोळीसोबत आलेल्या अन्य गोष्टींनी, हे एकट्या रुग्णाच्या अनुभवावरून ठरविता येत नाही.

मात्रा कमी पडली असावी, म्हणून पुढे दुप्पट मात्रेचेही प्रयोग झाले. २०१० साली जर्मनीतील १८५ रुग्णांच्या अभ्यासात दीड वर्षानंतर यकृताच्या तुकड्यात एकंदर सुधारणा सिद्ध झाली नाही. २०११ साली फ्रान्समध्ये १२६ रुग्णांवरील अभ्यासात विकरे निश्चित उतरली. परंतु त्यात यकृताचा तुकडा पुन्हा तपासलेलाच नव्हता. दरम्यान पित्तनलिकांच्या दुसऱ्या एका आजारात अतिउच्च मात्रा दिली असता लाभाऐवजी गंभीर अपाय वाढल्याचे २००९ मध्ये दिसून आले. त्यामुळे ‘जास्त गोळ्या म्हणजे जास्त गुण’ या मार्गालाही पूर्णविराम मिळाला.

स्थूल व्यक्तींच्या बाबतीत याहून लक्षणीय माहिती २०१५ साली हाती आली. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होणार असलेल्या ४० अतिस्थूल व्यक्तींपैकी काहींना शस्त्रक्रियेपूर्वी तीन आठवडे ही गोळी दिली गेली आणि शस्त्रक्रियेच्या वेळी यकृताचा तुकडा तपासला गेला. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे एफएक्सआरचे कुलूप उघडीत नाही, उलट त्याचे काम काही अंशी अडवते, असे त्यात दिसले. परिणामी यकृत नवे पित्ताम्ल बनवू लागले, त्यासाठी कोलेस्टेरॉल खर्ची पडून रक्तातील कोलेस्टेरॉल थोडे उतरले; परंतु मेद बनविणारे एक विकर अधिक कार्यरत होऊन यकृतातील मेद वाढला. तीन आठवड्यांच्या छोट्या अभ्यासावरून गोळी घातक आहे, असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. परंतु ज्या मेदासाठी आपण ती घेतो, तो मेद तिने उतरतो, हे म्हणणे त्यानंतर अधिकच अवघड झाले.

मग कुलूप खरोखर उघडणारी किल्ली बनवावी, असा विचार झाला. ओबेटिकोलिक ॲसिड हे त्यासाठी घडविलेले पित्ताम्ल. २०१५ च्या एका प्रयोगात ते घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के व औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २१ टक्के रुग्णांच्या यकृतात सुधारणा दिसली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात यकृतातील व्रण कमी होण्याचे प्रमाण २३ टक्के विरुद्ध १२ टक्के असे आले. म्हणजे पित्ताम्लाचा मार्ग चुकीचा नव्हता. परंतु औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्या रुग्णांना अंगभर खाज सुटली आणि घातक कोलेस्टेरॉलही वाढले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० आणि २०२३ अशी दोन वेळा मेदयुक्त यकृतासाठी मान्यता नाकारली व कंपनीने तो प्रयत्न सोडून दिला. पुढे २०२५ साली यकृताला होणाऱ्या इजेच्या चिंतेमुळे अमेरिकेतील बाजारातूनही ते औषध मागे घेण्यात आले. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडचेच ‘नॉर’ हे रूप अजून अभ्यासले जात आहे; २०१९ च्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात त्याने विकरे उतरली, एवढेच आज म्हणता येते.

या सर्व इतिहासात ‘विकरे उतरली’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. आपल्या भागातील कुटुंबांच्या दृष्टीने गोम तेथेच आहे. रक्ताच्या अहवालात ‘एसजीपीटी’ नावाचा आकडा असतो. तो वाढला की घर चिंतेत पडते आणि उतरला की पेढे वाटायचेच बाकी राहते. हा आकडा म्हणजे यकृतपेशींतून रक्तात झिरपणारे विकर. ते आग किती लागली आहे याचा धूर दाखवते; घर किती जळाले, ते दाखवीत नाही. यकृत पुष्कळसे कठीण झाल्यानंतर कित्येकदा हा आकडा आपणहून खाली येतो. सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ही यकृत किती चकाकते यावरून ठरते, व्रण किती पडले, हे ती ग्रेड सांगत नाही.

मुखेडकडच्या त्या गृहस्थांची पिशवी आम्ही टेबलावर रिकामी केली आणि अहवाल तारखेप्रमाणे लावले. एसजीपीटी ९२ वरून ४९ वर आले होते आणि प्रत्येक कागदावर त्याच आकड्याभोवती पेनाने वर्तुळ काढलेले होते. त्याच कागदांवर चार ओळी खाली प्लेटलेट पेशींची संख्या छापलेली होती : आधी १ लाख ९० हजार, मग दीड लाख, शेवटी १ लाख १० हजार. त्यांभोवती कोणी वर्तुळ काढले नव्हते. यकृत कठीण होऊ लागले की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट घटतात. ती घसरण चौदा महिने डोळ्यांसमोर होती. आणखी एक गोष्ट पत्नीच्या बोलण्यातून कळली. दोन्ही खर्च झेपत नसल्याने त्यांनी मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद केली होती, कारण “साखर तर जुनीच हाय, लिव्हर नवं दुखणं.” महिन्याच्या लिव्हरच्या गोळ्यांचा खर्च शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका होतो. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी तो कोठून भागवला गेला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

यकृतातील व्रणांचा अंदाज घेण्यास महागड्या यंत्राची पहिल्या पायरीला गरज नसते. ‘फिब-४’ नावाचे एक साधे गणित आहे. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणावे. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर गंभीर व्रण असण्याची शक्यता फार कमी, २.६७ पेक्षा अधिक आले तर विनाविलंब पुढील तपासणी हवी. मधल्या उत्तरासाठी यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी करावी. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी खालची मर्यादा २ धरतात. वरील गृहस्थांचे एसजीओटी ६० होते. ५८ गुणिले ६० म्हणजे ३४८०, ११० गुणिले ४९ चे वर्गमूळ ७ म्हणजे ७७०, भागाकार ४.५. आता तुलनेसाठी लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गात दिवसभर उभे राहून शिकविणारा ४२ वर्षांचा शिक्षक कल्पून पाहा : एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट अडीच लाख. त्याचे उत्तर ०.८४ येते. एसजीपीटी पाहून घाबरायचे तर शिक्षकाने घाबरावे. परंतु धोका खरोखर शेतकऱ्याला होता. या गणिताला लागणारे तीनही आकडे नेहमीच्या रक्ततपासणीत मिळतात.

स्थूलता या शब्दाबद्दलही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण “मी कुठे लठ्ठ आहे?” असे अनेक रुग्ण रास्तपणे विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत दीर्घकाळ अभ्यास करून दाखवून दिले, की भारतीय मूल जन्मतः लहानखुरे असले तरी त्याच्या अंगात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, मात्र शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. पश्चिम बंगालमधील ग्रामीण भागात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही मेदयुक्त यकृत असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ना वजनाने जास्त होते, ना पोटाने सुटलेले. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २५ झाला की स्थूलता धरतात आणि पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपुढे गेली की सावध होतात. २०२१ साली केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला, त्यामागे हीच जाणीव होती. २०२३ मध्ये आजाराचे नाव बदलून त्यात ‘मद्य’ या शब्दाऐवजी ‘चयापचय’ हा शब्द आला, तेही योग्यच झाले. निर्व्यसनी माणसाला उगाच संशयाच्या नजरा सोसाव्या लागत नाहीत.

पित्ताम्लाची गोळी जर मेद उतरवीत नाही, तर काय उतरवते? वजन. हे उत्तर रुग्णांना फार रुचत नाही. डॉक्टरांनाही ते सांगण्याचा कंटाळा असतो, कारण चिठ्ठीवर गोळी लिहिण्यास अर्धे मिनिट लागते आणि आहार समजावण्यास अर्धा तास. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर केवळ आहार व व्यायामाचा उपचार देऊन २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे वजन दहा टक्के वा अधिक उतरले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांच्या यकृतावरील सूज पूर्णपणे गेली आणि ४५ टक्के रुग्णांचे व्रणही मागे हटले. आजवर कोणत्याही पित्ताम्लाने हे साधलेले नाही. तथापि इतके वजन उतरविणारे रुग्ण २९३ पैकी जेमतेम २९ होते, हेही तितकेच खरे. पाच टक्के उतरले तरी मेद कमी होतो आणि सात टक्क्यांपुढे सूज उतरू लागते. ८४ किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे सहा किलोच्या आतच.

आपल्या घरांत हे कसे साधावे, याविषयी पुस्तकी आहारतक्त्यांचा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली यांची यादी घेऊन औशाच्या बाजारात कोण काय करणार? त्यापेक्षा तेलाच्या डब्यावर तारीख लिहावी. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे प्रमाण धरले, तर पाच जणांच्या घरात पंधरा किलोचा डबा सहा महिने पुरला पाहिजे. बहुतेक घरांत तो किती पुरतो, हे गृहिणींनाच ठाऊक आहे. करडईचे तेल चांगले आणि सोयाबीनचे वाईट, असा वाद या बाबतीत दुय्यम होय. दुसरी गोष्ट चहाची. दिवसाचे पाच-सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे महिन्याला दीड किलोच्या आसपास साखर केवळ चहातून जाते. गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी आणि ताक हा आपला जुना आहार उत्तमच. परंतु भाकरी मोजून खाल्ली तर. चार भाकऱ्या औत हाकणाऱ्याच्या होत्या, ट्रॅक्टरवर वा गल्ल्यावर बसणाऱ्याच्या नव्हेत. आणि मद्य असेल तर ते पूर्णपणे बंद, यात तडजोड नाही.

येथे पित्ताम्लाची गोळी एका वेगळ्या दाराने उपयोगी पडते, हे तिच्याशी न्यायाने वागायचे तर सांगितले पाहिजे. वजन फार वेगाने उतरले की पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढून खडे होतात. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ६०० मिलिग्रॅम उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड दिले असता पित्तखडे होण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आल्याचे १९९५ मधील अभ्यासात आढळले. पुणे वा हैदराबाद येथे अशी शस्त्रक्रिया करून नांदेड-लातूरकडे परतणाऱ्या रुग्णांना ही गोळी ठरावीक मुदतीसाठी दिलेली असते. त्यांनी ती महाग म्हणून मध्येच सोडू नये. ज्या गोळीसाठी निधीतून मदत द्यावी, असे हे कारण आहे. उलट, उपवासांचा धडाका लावून महिन्यात दहा किलो उतरविणाऱ्यांनी आठवड्याला अर्धा-पाऊण किलोवर समाधान मानावे.

गोळी बंद करा म्हटले की काही कुटुंबे दुसरीकडे वळतात. त्याचीही नोंद घेणे भाग आहे. काविळीची माळ घालून यकृताचा मेद जात नाही. त्यात निदान अपाय तरी नसतो. पोटात घेतल्या जाणाऱ्या वनस्पतींचे तसे नाही. कोविडच्या काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तो वाद तज्ज्ञांमध्ये चालू राहिला. माझी विनंती एवढीच, की जे काही घेत असाल, ते लपवू नका. पिशवीत तीही बाटली असू द्या.

नवी औषधे येत आहेत. अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरॉम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड यांना, यकृत कठीण होण्यापूर्वीच्या पण मध्यम ते तीव्र व्रण असलेल्या अवस्थेसाठी, मान्यता मिळाली. दुसरे औषध मुळात मधुमेह व स्थूलतेचे असून ते भूक आणि वजन कमी करते. म्हणजे शास्त्र पुन्हा वजनापाशीच आले.

आता विश्वस्त आणि देणगीदार यांच्यासाठी. धर्मादाय रुग्णालय म्हणून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखणे आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे आपणांवर बंधनकारक आहे. देणगीदारांचे साहाय्य त्यावर भर घालते. निधी मर्यादित असतो, म्हणून माझे मत स्पष्ट नोंदवितो : केवळ सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ पाहून लिहिलेल्या या गोळीसाठी निधी वापरू नये. तोच पैसा मधुमेहाच्या औषधांना, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणाऱ्या तपासणीला आणि यकृत कठीण झालेल्या रुग्णांच्या दुर्बीण तपासणीला द्यावा. यकृताचा ताठरपणा मोजणारे यंत्र देणगीरूपाने देण्याची इच्छा काही हितचिंतक बोलून दाखवितात. ते यंत्र उपयुक्त आहे, परंतु ते दुसऱ्या पायरीचे होय. त्याआधी एक पूर्णवेळ आहारतज्ज्ञ, जिला लातूर-नांदेडची बोली आणि येथले स्वयंपाकघर ठाऊक आहे, तिच्या तीन वर्षांच्या वेतनाची तरतूद झाली तर अधिक रुग्णांचे यकृत वाचेल. भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्यास वेतन हे गैरसोयीचे, हे मी जाणतो.

त्या गृहस्थांची दुर्बीण तपासणी केली असता अन्ननलिकेत फुगलेल्या रक्तवाहिन्या आढळल्या. रक्तस्राव होण्यापूर्वी त्यांना बंध घालता आले. मधुमेहाचे बंद केलेले औषध पुन्हा सुरू झाले, लिव्हरची गोळी थांबली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी त्यांना आयुष्यभर करावी लागेल. पत्नीचे वजन व कंबर त्याच दिवशी मोजली. तिचे फिब-४ चे उत्तर १.१ आले.

रुग्णांच्या नातेवाइकांना सूचना अशी, की तपासणीस येताना जुने अहवाल, जीर्ण झाले असले तरी, टाकून न देता तारखेप्रमाणे लावून आणावेत. त्यांतील प्लेटलेटची ओळ डॉक्टरांना दाखवावी आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, झाडपाल्याच्या बाटल्यांसह, सोबत ठेवावीत.